पहिलं वर्ष कोणी सोसायचं? सत्तरीतल्या एका बीएस्सी मुलाच्या नोकरीशोधाचं प्रकरण

हे प्रकरण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावाचं नाव दिलेलं नाही, कंपन्यांचीही नाहीत. घरात दोन मुलं, म्हणून मुलाला थोरला आणि त्याच्या बहिणीला धाकटी म्हणतो. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षं पर्सोनेल खात्यात काढली. आता रविवारी वाचनालयात बसून मुलांचे बायोडेटा बघतो, अर्ज नीट करून देतो. थोरला तिथेच आला.

नोकरी का मिळत नाही याची तीन कारणं कुठल्याही सभेत ऐकू येतात: पोरांना कष्ट नकोत, शिक्षणात दम नाही आणि बाहेरचे येऊन जागा घेतात. तिन्हींतलं थोडं थोडं या प्रकरणात सापडतं. पण तिन्ही एकत्र केली तरी या मुलाची सव्वातीन-साडेतीन वर्षं कुठे गेली याचा हिशेब लागत नाही.

पार्श्वभूमी

वडिलांचा टिप्पर होता, बँकेच्या कर्जावर घेतलेला. खाण ते जेटी, म्हणजे खनिज बार्जमध्ये भरायचा नदीकाठचा धक्का, अशा खेपा. 2012 च्या सप्टेंबरात बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सरकारने खाणी थांबवल्या आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. 2014 मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, तेव्हा गाडी पुन्हा रस्त्यावर आली. मग फेब्रुवारी 2018 चा निकाल लागला, 88 लीजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यापासून सगळं ठप्प. टिप्पर मिळेल त्या भावात गेला. वडील आता दुसऱ्याचा पिकअप चालवतात. आईची थोडी काजू बागायत आहे, हंगामात तिचाच पैसा घराला तारतो.

त्यांच्याच वाड्यावर पंचायतीत शिपाई असलेला एक गृहस्थ आहे. दोन्ही बंदीच्या काळात त्याचा पगार महिन्याच्या महिन्याला येत होता. वडिलांनी यातून धडा घेतला तो असा: खासगी काम एका निकालाने बुडतं, सरकारी बुडत नाही. सरकारी नोकरीच्या हट्टाला पणजीत बसून आळस म्हणणं सोपं आहे. दोनदा हप्ते थकलेल्या माणसाला ते पटवून दाखवा.

थोरला गावच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकला, पुढे इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात गेला आणि रसायनशास्त्रात बीएस्सी झाला. बॅच कोविडची. दुसऱ्या वर्षाचा शेवट आणि तिसऱ्याचा मोठा भाग मोबाइलवर गेला, तोही जिथे रेंज मिळेल तिथे बसून. प्रात्यक्षिकं व्हिडिओवर. एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, त्याने पडद्यावर पाहिलं होतं, हात कधी लावला नव्हता. 2021 मध्ये तो पहिल्या वर्गात पास झाला.

गोव्याच्या आकड्यांकडेही एकदा बघायला हवं. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार 2023-24 मध्ये देशाचा बेरोजगारी दर 3.2 टक्के होता आणि गोव्याचा 8.5 टक्के. दरडोई उत्पन्नात पहिल्या काही राज्यांत असणाऱ्या, बऱ्यापैकी शिकलेल्या राज्यात हे. त्यामागचं एक साधं कारण असं की ज्याच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत नाही त्याला थांबता येतं. गरीब राज्यातला पदवीधर मिळेल ते काम धरतो आणि कागदावर रोजगारात मोजला जातो. आमचा पदवीधर घरी राहून चांगल्या नोकरीची वाट बघतो आणि बेरोजगारांत मोजला जातो.

अडचण कशी वाढत गेली

फेब्रुवारी 2022 च्या विधानसभा निवडणुकीआधी सरकारी जाहिरातींचा पाऊस पडला. थोरल्याने रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड काढलं, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढला, कोकणी येत असल्याचंही लिहून दिलं आणि दिसेल त्या पदाला अर्ज टाकला. कनिष्ठ कारकून, पोलीस, आरोग्य खातं, जे निघेल ते. काही परीक्षा झाल्या, काही लांबल्या, काहींचं पुढे काय झालं ते त्याला आजही माहीत नाही.

त्याच सुमारास वेर्ण्यातल्या, म्हणजे दक्षिण गोव्यातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागाची मुलाखत आली. तोंडी प्रश्न बरे गेले. मग त्यांनी एक नोंदपत्रक पुढे ठेवलं. त्यात एक आकडा चुकीचा होता, तो दुरुस्त करा म्हणाले. थोरल्याने चुकलेला आकडा गिरवून गिरवून काळा केला आणि शेजारी बरोबर आकडा लिहिला. मुलाखत तिथेच संपली.

औषध कंपनीत चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची असते. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. पहिल्या आठवड्यात काम करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, कारण तपासणीला येणारा निरीक्षक आधी हेच बघतो. शिकायला पाच मिनिटं लागतात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात ही पाच मिनिटं कुठेही नव्हती. मुलगा घरी आला तो ‘आपल्याला येत नाही’ हे मनाशी पक्कं करून, आणि काय येत नाही हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

2022 च्या पावसाळ्याच्या तोंडावर एका कंत्राटदारामार्फत त्याला वेर्ण्यातच दुसऱ्या औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात काम मिळालं. प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापून हातात अकरा-साडेअकरा हजार यायचे. आठवड्याआड दुसरी पाळी, ती रात्री दहाला सुटायची. कंपनीची बस फोंड्यापर्यंत. फोंड्याहून वाळपईकडे त्या वेळी काहीच नाही, म्हणून मोटरसायकल फोंड्याला ठेवून तो रात्री तीसेक किलोमीटर एकटा जायचा. पेट्रोलला महिन्याला तीन हजार. एका रात्री उसगावच्या पुढे रस्त्यात बसलेली गुरं चुकवताना घसरला. हाड मोडलं नाही, पण आईने दुसऱ्या दिवशी हेल्मेट कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. चार महिन्यांत नोकरी संपली.

माझ्या मते या प्रकरणातलं खरं वळण हे आहे. काम झेपत नव्हतं म्हणून तो सुटला नाही. सुपरवायझर त्याच्यावर खूश होता. आधीच्या मुलाखतीत जे चुकलं ते, एक रेघ, सही, तारीख, या सुपरवायझरनेच त्याला शिकवलं होतं. नोकरी गेली ती फोंडा ते वाळपई या पट्ट्यात, रात्री दहानंतर. कंपनीच्या वहीत मात्र नोंद झाली: स्थानिक कामगार, न कळवता गैरहजर. अशा नोंदी मी स्वतः वर्षानुवर्षं वाचल्या आहेत. त्यांच्या बेरजेतूनच ‘गोवेकर टिकत नाहीत’ हे वाक्य तयार होतं.

पुढची दोन वर्षं स्पर्धा परीक्षांच्या तयारीत गेली. अधूनमधून वाळपईत एका मोबाइल दुकानात बसायचा. बायोडेटात त्याने पॅकिंगचे चार महिने लिहिलेच नाहीत. बीएस्सी होऊन खोके भरले हे कशाला सांगायचं? त्यामुळे कागदावर 2021 नंतर नुसती मोकळी जागा राहिली. मुलाखत घेणारा या जागेत स्वतःच्या मनाचं भरतो, आणि ते क्वचितच चांगलं असतं.

टोकन

2024 च्या उन्हाळ्यात एका नातेवाइकाने एक ‘ओळखीचा माणूस’ आणला. कारकुनाची जागा, आठ लाख. आधी एक लाख टोकन, बाकी ऑर्डर हातात आल्यावर. आईच्या बांगड्या पतसंस्थेत गेल्या आणि लाख रुपये उभे राहिले.

त्या घरात ही गोष्ट लपूनछपून झाली नाही. मुलाला विचारलं गेलं, मामाला विचारलं गेलं. आमच्याकडे याला फार लोक लाच म्हणतही नाहीत. वशिला लावला, हातभार लावला, अशी भाषा असते. त्यात त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकारी नोकरीच्या आमिषाने पैसे घेतल्याच्या तक्रारी एकामागून एक पोलीस ठाण्यांत नोंदल्या जाऊ लागल्या, अटका झाल्या, वर्तमानपत्रांची पहिली पानं भरली. ओळखीच्या माणसाचा फोन बंद झाला.

तक्रार करायची की नाही, हा घराचा पहिला मोठा निर्णय. ते एका वकिलाकडे गेले. 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही दोषी ठरतो. दबावाखाली दिली असेल आणि सात दिवसांत कळवलं तरच त्याला संरक्षण आहे. इथे महिने उलटले होते. पण मधला माणूस सरकारी नसून नुसताच ठकवणारा असेल तर फसवणुकीची तक्रार होऊ शकते, असं वकील म्हणाला. वडिलांना भीती वेगळीच होती: नाव पेपरात आलं तर पोराला पुढे कुठल्याच खात्यात घेणार नाहीत. तक्रार झाली नाही. नातेवाइकाच्या मागे लागून अर्धे पैसे परत आले, उरलेले गेले.

थोरला वाचनालयात आला तो याच्या पाठोपाठ, 2024 च्या डिसेंबरात. सोबत वडील. मी पहिल्यांदा त्यांना एक आकडेमोड करून दाखवली. वेर्ण्याच्या आसपास तीन-चार जणांत मिळून खोली घेतली तर माणशी तीन हजार भाडं पडतं. टोकनच्या लाख रुपयांत त्या खोलीची पावणेतीन वर्षं निघाली असती. 2022 मध्ये ती खोली का घेतली नाही? वडिलांनी सरळ उत्तर दिलं: “सर, अकरा हजारांच्या नोकरीसाठी कोण भाडं भरतो?” आठ लाख भरायची तयारी असलेल्या घराला महिन्याचे तीन हजार उधळपट्टी वाटत होते. त्यांच्या हिशेबात ते चूकही नव्हतं. आठ लाखांत आयुष्यभराची हमी मिळत होती, तीन हजारांत पुढच्या महिन्याचीही नाही.

समोर काय पर्याय होते

एमएस्सीचा विचार थोरल्याने स्वतःच मांडला. दोन वर्षं आणखी, मग पंचविशी ओलांडून पुन्हा फ्रेशर. नोकरी मिळेना म्हणून वरची पदवी घेणारी मुलं मी बरीच बघतो. ज्याला शिकवायचं आहे किंवा संशोधनात जायचं आहे त्याने जरूर करावं. थोरल्याला दोन्हींत रस नव्हता.

जवळच्या होंडा, पिसुर्ले, डिचोली या वसाहतींत आम्ही चौकशी केली. घरून जाता-येता आलं असतं, पण तिथे धातूचे आणि छोटे कारखाने जास्त, केमिस्टच्या जागा हाताच्या बोटांवर. वडिलांची आशा खाणींवर होती. 2022 च्या डिसेंबरात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, 2024 मध्ये डिचोलीत काम पुन्हा चालू झालं. पण त्या कामात रसायनाच्या पदवीधराला जागा किती निघणार?

किनारपट्टीची हॉटेलं आणि मोपाचा विमानतळ इथे पगार लवकर सुरू होतो आणि मुलगा चटपटीत होतो, हे मी पाहिलं आहे. गावातले दोघे-तिघे मोपाला लागले होते. थोरल्याचा स्वभाव मात्र काउंटरवर उभं राहण्याचा नाही. पाहुण्यांसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तोच मुलगा तराजूवर चौथ्या दशांशापर्यंत न कंटाळता बघत बसेल.

सरकारी परीक्षा सोडा, असं मी म्हटलं नाही. 2019 च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोग आला आणि आता परीक्षा संगणकावर होतात, ही आधीपेक्षा कितीतरी बरी व्यवस्था आहे. शिवाय मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी 2023 मध्ये बोलून दाखवलं होतं की सरकारी नोकरीआधी खासगी क्षेत्रातल्या एका वर्षाचा अनुभव सक्तीचा करण्याचा विचार आहे. मी वडिलांना एवढंच म्हटलं की परीक्षा द्यायला घरी बसावं लागत नाही.

उरली अ‍ॅप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी. 1961 च्या कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला आपल्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ ठेवावेच लागतात. तेव्हाच्या नियमाने पदवीधराला महिन्याला किमान 9,000 रुपये विद्यावेतन, त्यातला काही भाग केंद्राची योजना उचलते. यात खोटही आहे, आणि मी टेबलाच्या त्या बाजूला बसलो असल्याने ती जाणतो. शिकाऊला प्रॉव्हिडंट फंड नाही, वर्ष संपल्यावर घ्यायचं बंधन नाही. काही ठिकाणी शिकाऊ म्हणजे स्वस्तातला पॅकिंग कामगार. म्हणून पगार किती हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं: कुठल्या विभागात बसवणार आणि यंत्राला हात लावू देणार का?

बाहेरचे का येतात

इथे थोडं थांबून हे सांगायला हवं, कारण थोरल्याच्या मनातही हा सल होता. 2024 च्या मे महिन्यात गोव्यात कारखाना असलेल्या औषध कंपन्यांनी राज्याबाहेर थेट मुलाखती ठेवल्याच्या जाहिराती आल्या आणि मोठा गदारोळ झाला. राग रास्त होता. जमीन गोव्याची, पाणी गोव्याचं आणि मुलाखत महाराष्ट्रातल्या बोईसरला!

पण कंपनी बोईसरला का जाते? तिथे दोन वर्षं एचपीएलसीवर काम केलेला केमिस्ट मिळतो, जो सोमवारी रुजू होऊन मंगळवारी नमुने चालवतो. तो खोली घेऊन राहणार हेही आधीच ठरलेलं असतं, घर सोडूनच तो आलेला असतो. म्हणजे त्याचं पहिलं, अडखळतं वर्ष दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीने आधीच सोसलेलं असतं. थोरल्यासारख्याला घ्यायचं तर ते वर्ष या कंपनीला सोसावं लागणार. कॉलेजने ते सोसलं नाही, कंपनी सोसायला तयार नाही, कंत्राटदाराचा प्रश्नच नाही आणि घराला ते सोसण्यासारखं वाटत नाही. नोकऱ्या असूनही मुलं रिकामी राहतात ती या फटीत.

काय केलं

पहिलं काम बायोडेटाचं. पॅकिंगचे चार महिने आम्ही वर आणले, खालच्या ओळींत साधेपणाने लिहिलं: बॅच बदलताना लाइन क्लिअरन्स, म्हणजे आधीच्या मालाचं एकही लेबल वा गोळी लाइनवर उरली नाही ना हे तपासून सही करणं, बॅच रेकॉर्डमधल्या नोंदी, नोंदीतली दुरुस्ती. सोडण्याचं कारणही लिहिलं, रात्रीच्या प्रवासाची सोय नव्हती, आता वेर्ण्यात राहायची तयारी आहे. थोरला बावरला होता. त्याला वाटत होतं, कंत्राटी कामाने पदवीची किंमत उतरते. त्याला हे पटायला वेळ लागला, की त्या चार महिन्यांत तो जे शिकला ते त्याच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नसेल.

दुसरं, यंत्र. ओळखीच्या एका खासगी चाचणी प्रयोगशाळेने शनिवारी त्याला बसू दिलं. विनामूल्य, फक्त काचेची भांडी धुवायची अट. तिथल्या बाईंनी त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: ग्राफवरचं शिखर रोजच्या वेळेपेक्षा पुढेमागे आलं तर आधी काय बघशील? आधी द्रावण ताजं बनवलं का, प्रमाण तेच का. मग फ्लो आणि कुठे गळती आहे का. मग कॉलमचं, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीचं, तापमान, आणि नवीन कॉलम असेल तर तो स्थिरावायला वेळ दिला का. त्याने ते पाठ केलं नाही. एकदा बाईंनी मुद्दाम तापमान बदलून ठेवलं आणि त्याला शोधायला लावलं.

इंग्रजीचा बाऊ होता. वाचून सगळं कळतं, पण ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की घसा कोरडा. आम्ही स्वतःबद्दल सांगणं सोडून दिलं. त्याला म्हटलं, लाइन क्लिअरन्स कसा करतात ते इंग्रजीत सांग. ते तो घडाघडा सांगू लागला, व्याकरण कुठे चुकलं तर चुकलं.

फेब्रुवारी 2025 मध्ये दोन ठिकाणांहून होकार आला. घराजवळच्या बाजूला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून महिन्याला 11,000, विभाग पॅकिंग. वेर्ण्यात 9,500, विभाग गुणवत्ता नियंत्रण. हा या प्रकरणातला दुसरा मोठा निर्णय. घराचा कौल पहिल्याला होता: पैसे जास्त, भाडं वाचतं, पोरगा रात्री घरी. आत्याने फोनवर एकच विचारलं, “पर्मनंट आसा मरे?” दोन्हींपैकी एकही पर्मनंट नव्हतं.

थोरल्याने वेर्णे निवडलं. 9,500 तून 3,000 भाडं आणि जेवण वजा केलं तर हातात काही उरत नाही, उलट घरून महिन्याला दोनेक हजार लागणार होते. हे पैसे कोण देणार यावर घरात वाद झाला. शेवटी आईने ठरवलं की पतसंस्थेतल्या बांगड्या आणखी एक वर्ष सुटल्या नाहीत तरी चालतील, टोकनमधून परत आलेले पैसे यासाठी वापरायचे. वडील गप्प राहिले, आणि त्या घरात वडील गप्प राहिले म्हणजे होकार.

पुढे काय झालं

पहिले तीन महिने त्याने भांडी धुतली, द्रावणं बनवली, नोंदवह्या लिहिल्या. एकदा हमाली कामाला दोन आठवडे गोदामात पाठवलं, तेव्हा तो चिडून सोडायला निघाला होता. खोलीतल्या मुलांनी अडवलं. ते तिघे बाहेरच्या राज्यांतले, त्यांनी अशी वर्षं आधी काढलेली. मला त्या खोलीचं महत्त्व आधी एवढं लक्षात आलं नव्हतं. घरी असता तर चतुर्थीला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी ‘सोड रे’ म्हटलं असतं आणि त्याने सोडलं असतं.

चौथ्या महिन्यापासून यंत्रावर बसू दिलं. नवव्या महिन्यात खोलीतल्याच एकाने सांगितल्यावरून दुसऱ्या कंपनीत मुलाखत दिली आणि ज्युनियर केमिस्ट म्हणून निवड झाली. कायम नाही, मुदतीच्या करारावर. पगार आता 18,000 च्या आसपास, प्रॉव्हिडंट फंड धरून. आधीच्या कंपनीने करार अर्धवट सोडल्याबद्दल प्रमाणपत्र अडवलं, ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

निवड आयोगाची परीक्षा त्याने मधल्या काळात दिली, गुण कमी पडले. पुढची देणार आहे. वडील त्या परीक्षेचीच चौकशी करतात. पगाराबद्दल विचारत नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

2022 च्या त्या मुलाखतीनंतर कंपनीने दोन ओळींचा निरोप दिला असता, की नोंद कशी दुरुस्त करतात हे शिकून या, तर पुढचं बरंच टळलं असतं. नाकारलेल्या उमेदवाराला कारण सांगायची पद्धत आमच्याकडे नाही. भांडण नको, असं आम्ही पर्सोनेलवाले म्हणतो. त्या भांडणाच्या भीतीपोटी गोव्यातल्या मुलांची किती वर्षं जातात ते कोणी मोजत नाही.

कॉलेजने तिसऱ्या वर्षात महिनाभर जरी कारखान्यात पाठवलं असतं तरी चाललं असतं. कोविडच्या बॅचला ते शक्य नव्हतं हे मान्य, पण नंतरच्या बॅचेसचे विद्यार्थी माझ्याकडे येतात तेही नोंदपत्रक पाहिलेलं नसतानाच येतात.

टोकनची तक्रार मोकळेपणाने व्हायला हवी होती, निदान फोन बंद झाला त्या आठवड्यात. वडिलांची भीती मी समजू शकतो. तरीही अर्धे पैसे परत घेऊन गप्प बसल्याने तो ‘ओळखीचा माणूस’ आणखी कुठल्या तरी घरी बसून चहा पीत असेल, हे त्यांनाही ठाऊक आहे.

वेर्ण्याऐवजी जवळचे 11,000 घेतले असते तर? काही जण म्हणतील, तिथेही वर्षभरात विभाग बदलून मिळाला असता. मिळालाही असता. पॅकिंगमधून गुणवत्ता विभागात गेलेली माणसं माझ्या पाहण्यात आहेत, पण थोडी, आणि ती सुपरवायझरच्या मर्जीवर.

आणि बस. 2022 मध्ये कंपनीची गाडी फोंड्याऐवजी उसगावपर्यंत आली असती किंवा कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसची, एक फेरी रात्री अकराला फोंड्याहून वाळपईकडे सुटली असती, तर या प्रकरणातली बरीच पानं लिहावी लागली नसती. सत्तरीतून वेर्ण्यात जाणारी मुलं एकत्र येऊन कंपन्यांकडे गाडी मागू शकतात. एकेकट्याने मागितली तर कोणी ऐकत नाही, पंधरा-वीस नावांची यादी दिली तर कंत्राटदार स्वतः मिनीबस लावतो. कुंडईत आम्ही हे केलं होतं.

सध्या हा प्रश्न धाकटीसाठी पुन्हा उभा आहे. ती डी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिलाही वेर्ण्यातच काम मिळण्याची शक्यता जास्त. थोरल्याला लागू पडलेला तोडगा तिला जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण मुलीने परक्या ठिकाणी खोली घेऊन राहावं याला घर तयार नाही. वडील म्हणतात, फोंड्याला मावशीकडे राहा, तिथून कंपनीची बस आहे. पण ती बस सगळ्या पाळ्यांना नाही, आणि फक्त दिवसपाळी द्या म्हणणाऱ्या नवख्या मुलीला घेणाऱ्या कंपन्या कमी. तिच्या वर्गातल्या चौघी मिळून वेर्ण्याजवळ नुवेला एखादं घर बघतायत. त्यांतल्या दोघींच्या आया पुढच्या रविवारी वाचनालयात येणार आहेत, भाड्याची आणि पाळ्यांची यादी घेऊन.